घाटात धापा टाकणारी गाडी आणि गिअरबॉक्सवरचा आळ

प्रश्न: नमस्कार. आमच्याकडे २०१६ची ह्युंदाई क्रेटा आहे, १.६ डिझेल ऑटोमॅटिक. २०२१मध्ये सेकंडहँड घेतली. आता १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. मिस्टरांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही, म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक बघितली. मी रोज तिच्यातून शाळेत जाते, अंतर जेमतेम चार किलोमीटर. महिन्यातून एकदोनदा पुण्याला जाणं होतं. गेल्या पावसाळ्यापासून येताना खंबाटकी चढताना गाडी ओढत नाही. पेडल दाबलं की नुसता आवाज वाढतो, गिअर चौथा-तिसरा-चौथा असा नाचत राहतो आणि वेग साठवरून चाळीसवर येतो. मागच्या गाडीवाल्याने काळा धूर दिसतो असं सांगितलं. एकदा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी तीन हजार आरपीएमच्या वर जाईना; बाजूला घेऊन बंद करून सुरू केली तर ठीक झाली. ॲव्हरेज पंधराचं अकरावर आलंय. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून १ लाख ६० हजार सांगितले. दुसऱ्याने टर्बो गेला म्हणून ७० हजार सांगितले. तिसऱ्याने टाकीत इंजेक्टर क्लीनर ओतला, काही फरक नाही. मिस्टर म्हणतात, विकून टाकू. खरं कोणाचं? – एक शिक्षिका, वाई

ताई, नमस्कार.

आधी एक विनंती. गिअरबॉक्स उतरवायला अजिबात देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या खुणांपैकी काळा धूर, पडलेलं ॲव्हरेज, इंजिनाचा पिवळा दिवा आणि बंद-चालू केल्यावर परत आलेली ताकद, या चारही खुणा इंजिनाकडे बोट दाखवतात. गिअर नाचतो ही पाचवी खूण तेवढी गिअरबॉक्सची वाटते, आणि तीही बहुधा इंजिनाच्या अशक्तपणामुळे दिसते आहे.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी गॅरेजमध्ये तुम्हाला कोणी गोंधळात टाकणार नाही. तुमच्या गाडीचं इंजिन १५८२ सीसीचं, १२८ पीएसचं. त्याचा २६० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, कागदावर १५०० ते ३००० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो. सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स कधी कोणता गिअर घालायचा हे तुमच्या पेडलची स्थिती, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार पाहून ठरवतो. इंजिनात पूर्ण ताकद आहे हे त्याने गृहीत धरलेलं असतं. आता चढावर इंजिन कमी टॉर्क देऊ लागलं की तुम्ही आपोआप पेडल जास्त दाबता. बॉक्सला वाटतं, बाईंना जोर हवाय. तो तिसरा घालतो. आरपीएम चढतात, आवाज वाढतो, जरा वेग मिळतो, तुम्ही पेडल थोडं सोडता, तो चौथा घालतो. चौथ्यात इंजिन पुन्हा पडतं. क्लचच्या गाडीत हाच बिघाड झाला असता तर ‘पिकअप नाही’ असं म्हणून कोणीही आधी इंजिन पाहिलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा रोग गिअरच्या हालचालीतून बाहेर दिसतो आणि आळ गिअरबॉक्सवर येतो. आपल्याकडे टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद बॉक्सला देणाऱ्या, जुन्या डिझेल गाड्या अजून तशा कमी, त्यामुळे लहान गावातल्या चांगल्या हाताच्या मेकॅनिकलाही हा फरक सवयीने ओळखता येत नाही. त्यात त्यांची लबाडी असेलच असं नाही.

इंजिन की गिअरबॉक्स, याचा निकाल तुम्ही स्वतः एका सकाळी लावू शकता. वाई–सुरूर रस्ता मोकळा असेल अशी वेळ बघा, मिस्टरांना शेजारी बसवा, गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम होऊ द्या. गिअर लीव्हर मॅन्युअल बाजूला घ्या, तिसरा गिअर ठेवा आणि चाळीसच्या वेगाला स्थिर चाला. मिस्टरांना त्या वेळचे आरपीएम लक्षात ठेवू द्या. मग पेडल पाऊण दाबा, तळापर्यंत नको, नाहीतर बॉक्स स्वतःच खालचा गिअर घालेल. वेग साठ झाला की पुन्हा आरपीएम बघा. वेग दीडपट झाला, तर गिअर तोच असताना आरपीएमही साधारण दीडपटच व्हायला हवेत. टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण लॉक नसेल तर थोडा इकडेतिकडे फरक पडतो, त्याची काळजी करू नका. दोन्ही काटे सोबत पण सावकाश चढत असतील, तर बॉक्समधले क्लच धरताहेत आणि इंजिन कमी पडतंय. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागे रेंगाळला, तर बॉक्स घसरतोय आणि पहिल्या गॅरेजवाल्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता मला खूपच जास्त वाटते.

तीन हजारच्या वर न जाण्याचा तो प्रसंगही हेच सांगतो. त्याला लिंप मोड म्हणतात. काहीतरी मर्यादेबाहेर गेलं की इंजिनाचा कॉम्प्युटर टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब आणि डिझेल कमी करतो, म्हणजे इंजिनाला इजा न होता घरी पोचता यावं. गिअरबॉक्सचाही लिंप मोड असतो, पण तो वेगळा ओळखू येतो: गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, सिग्नलवरून निघतानाही तिसऱ्या-चौथ्यातच जड-जड निघते. तुमच्याकडे गिअर बदलत होते, फक्त दम नव्हता. बंद-चालू केल्यावर ताकद परत आली, पण त्या वेळचा बिघाडाचा कोड आणि ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे दिवा लागला त्या क्षणाचे वेग, आरपीएम, दाब, तापमान हे आकडे बहुधा अजून कॉम्प्युटरमध्ये पडून असतील. म्हणून स्कॅन होईपर्यंत कोणालाही बॅटरीची वायर काढू देऊ नका आणि कोड पुसू देऊ नका. ‘आधी कोड क्लिअर करून बघू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबवा. तो पुरावा आहे.

स्कॅनरच्या बाबतीत फोनला जोडायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र मिळतं, ते ठेवायला हरकत नाही, इंजिनाचे कोड त्यात दिसतात. पण गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर त्यातल्या बऱ्याच यंत्रांना वाचता येत नाही. त्यासाठी साताऱ्याला किंवा पुण्याला, ह्युंदाईचा डेटा उघडणारा चांगला स्कॅनर असलेल्या ठिकाणी जा. कोड इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचे काढायला सांगा आणि कागदावर प्रिंट किंवा फोनमध्ये फोटो घ्या. पी ०२९९ दिसला तर टर्बोचा दाब कमी पडतोय. पी ०२३४ म्हणजे दाब जास्त झाला. पी ०४०१ किंवा ०४०२ ईजीआरचे, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेचे. पी ००८७ म्हणजे डिझेलच्या रेलमध्ये, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, दाब कमी. पी ०१०१ हवेचं माप घेणाऱ्या सेन्सरचा. गिअरबॉक्सचे कोड साधारण पी ०७००च्या घरातले. त्यात पी ०७३० किंवा त्याच्या आसपासचे, गिअरचं प्रमाण चुकतंय असं सांगणारे, आले तर मात्र गंभीरपणे घ्या. एक सावधगिरी ठेवा: पी ०२९९ आला म्हणजे टर्बो गेला असं होत नाही. हवा कमी पोचली एवढंच तो कोड सांगतो. ती टर्बोने कमी दिली की वाटेत गळाली, हे शोधायचं काम माणसाचं.

दुसऱ्या गॅरेजवाल्याची ७० हजारांची उडी इथेच पडली असणार. टर्बोमधून निघालेली दाबाची हवा ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून फिरून इंजिनात जाते, आणि या वाटेवर रबराचे जाड पाइप आणि क्लिपा असतात. दहा वर्षांची उष्णता आणि तेलाची वाफ खाऊन रबर मऊ पडतं, आतल्या बाजूने फाटतं. इंजिन नुसतं चालू असताना चीर मिटलेली राहते, कुणाला दिसत नाही. चढावर दाब वाढला की ती उघडते आणि हवा फुस्सकन बाहेर. कॉम्प्युटर मात्र आत येताना मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडत राहतो, ते पूर्ण जळत नाही आणि काळा धूर निघतो. म्हणजे काळा धूर, घाटात मरगळ आणि मधूनच लिंप मोड, अशी जी मालिका तुम्ही लिहिली आहे ती फाटक्या पाइपात जशीच्या तशी येते. म्हणून माझा पहिला संशय इथे आहे. मेकॅनिकला सगळे पाइप हाताने पिळून, खालून आरसा धरून बघायला सांगा. बाहेरून पाइपावर ओलसर तेलाचा काळा पट्टा असेल तर चीर तिथेच. शंका राहिली तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, धूर सोडून गळती शोधायचं यंत्र असतं, ते असलेलं गॅरेज गाठा. पाइप आणि क्लिपा बदलायला एक दुपार पुरते, आणि खर्च टर्बोच्या जवळपासही जात नाही.

त्याच भेटीत एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरून बघा. आणि डिझेल फिल्टर कधी बदललाय ते आठवा. सेकंडहँड गाडीत हे बहुतेकांना माहीत नसतं. बदलल्याची पावती नसेल तर बदलला नाही असंच समजा आणि अस्सल फिल्टर घाला. चोंदलेल्या डिझेल फिल्टरची खूणही घाटातच दिसते, कारण तिथेच जास्त डिझेल लागतं. पण त्यात सहसा धूर काळा नसतो, गाडी नुसती उपाशी राहते. फिल्टरखालचं पाणी काढून घ्या. पावसाळ्यात त्रास सुरू झाला असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे ते पाणी काचेच्या बाटलीत काढून डोळ्यांनी बघाच.

यानंतरचा माझा संशय ईजीआरवर आहे, आणि त्याचं कारण तुमची रोजची चार किलोमीटरची फेरी. ईजीआर झडप धुराचा काही भाग परत इंजिनात सोडते, त्याने नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. धुरातली काजळी आणि इंजिनाच्या तेलाची वाफ मिळून इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद होत असेल तर हा थर भराभर वाढतो. मग झडप पूर्ण मिटत नाही. घाटात तिने मिटायला हवं, पण ती फटीतून धूर सोडत राहते आणि इंजिनाला ताज्या हवेऐवजी स्वतःचाच उच्छ्वास मिळतो. नाक दाबून एखाद्याला चढ चढायला लावल्यासारखं. झडप आणि इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग, उतरवून साफ करणं हा खरा उपाय. मॅनिफोल्ड तिथल्या तिथे ठेवून वरून फवारा मारून घेऊ नका. सुटलेला कोळसा थेट सिलिंडरमध्ये जातो. आणि कोणी ‘पत्रा टाकून ईजीआर बंद करून देतो, पिकअप दुप्पट’ असं म्हणालं तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, विषारी वायू वाढतात, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचं गणित बिघडून नवे कोड सुरू होतात.

मॅनिफोल्ड निघालंच आहे तर त्यावरचा दाब मोजणारा सेन्सर काढून त्याचं नाक बघा. काजळीने बुजलेलं असतं आणि तो खोटे आकडे सांगतो. याची एक सुंदर साधी तपासणी आहे. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि स्कॅनरवर तो आकडा वाचा. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्याच हवेचा दाब असायला हवा. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर आहे, म्हणजे आकडा ९३ किलोपास्कलच्या जवळपास यायला पाहिजे. तो बराच वेगळा आला तर सेन्सर साफ करा किंवा बदला, त्याशिवाय पुढच्या कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवता येणार नाही. एअर फिल्टरनंतरचा हवा मोजणारा सेन्सर नाजूक असतो. त्याला बोट किंवा कापूस लावायचा नाही, कार्बोरेटर क्लीनरही नाही. त्याचा स्वतंत्र फवारा मिळतो तोच वापरायचा.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच गॅरेजने केलेली दिसत नाही: गाडी चालवत असताना स्कॅनरवर चालू आकडे बघणं. उभ्या गाडीत रेस करून काही कळत नाही, कारण भारच नसतो. मेकॅनिकला शेजारी बसवा आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावा. दोन जोड्या बघायच्या. कॉम्प्युटरने मागितलेला टर्बोचा दाब आणि मिळालेला दाब. कॉम्प्युटरने मागितलेला रेलचा दाब आणि मिळालेला दाब. या इंजिनात जोर लावल्यावर मॅनिफोल्डचा दाब दोनशे किलोपास्कलच्या आसपास किंवा वर चढायला हवा. मागणी चढली आणि मिळकत दीडशेवर अडकली, तर दोष हवेच्या बाजूला: पाइप, ईजीआर, टर्बो. हवा बरोबर आणि रेलचा दाब मागणीपेक्षा खाली पडत गेला, तर दोष डिझेलच्या बाजूला: फिल्टर, पंप, किंवा जास्त डिझेल परत सोडणारे इंजेक्टर. दोन्ही जोड्या जुळल्या आणि तरी गाडी ओढत नसेल, तर इंजिनाबाहेर बघायचं. चारच आकडे, पण त्यांच्यावरून लाख-दीड लाखाचा निर्णय होतो, म्हणून ही चाचणी केल्याशिवाय एकही महागडा भाग बदलू देऊ नका.

टर्बो खरोखर गेलेला असेल तर तो असा ओळखतात: घाटात सायरनसारखी वाढत जाणारी शीळ, निळसर धूर, इंजिन ऑइल कमी होणं. पाइप काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवून बघतात. आडवा अगदी किंचित हलला तर चालतं, पुढेमागे सरकता कामा नये आणि पाती कवचाला घासलेली नसावीत. पाइपात तेलाचा पातळ थर असणं नेहमीचंच, तेवढ्यावरून कोणी टर्बो काढायला सांगितला तर मान्य करू नका. तुमच्या टर्बोत धुराच्या वाटेवरची पाती हलतात, त्यांच्यावर काजळी बसून ती चिकटतात. ही पाती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरचा दांडा पूर्ण अंतर मोकळा फिरतो का ते बघायला सांगा. पाती चिकटली असतील तर जाणत्या टर्बोवाल्याकडे उघडून साफ करून, बॅलन्स तपासून परत बसवता येतात. नवा टर्बो हा शेवटचा पर्याय. आणि बदलावाच लागला तर जुना का गेला हे आधी विचारा. तेलाची वाट चोंदलेली असताना बसवलेला नवा टर्बोही तसाच जातो.

इंजेक्टरबद्दल: टाकीत ओतायच्या औषधाने फाटलेला पाइप शिवला जात नाही, त्यामुळे तुम्हाला फरक पडला नाही यात नवल नाही. इंजेक्टरवर संशय आला तर रिटर्न टेस्ट करतात, चार नळ्यांत चौघांचं परत येणारं डिझेल मोजतात. एखाद्याचं बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त आलं तर तो बाहेर काढून टेस्ट बेंचवर लावायचा. नवा बसवला तर त्याच्यावरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावाच लागतो आणि खालचा तांब्याचा वायसर नवा घालावा लागतो. एक जीवाशी संबंधित सूचना: इंजिन चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप कोणीही ढिला करून बघायचा नाही. जुन्या पंपाच्या गाड्यांत ही पद्धत चालायची. इथे दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात गमवायची वेळ येते. वाईतल्या मेकॅनिकनाही हे वाचायला द्या.

तीन लहानसहान गोष्टी, ज्या अक्षरशः फुकटात तपासता येतात. एक, अर्धा तास चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. ओढत चाललेला ब्रेक हुबेहूब अशक्त इंजिनासारखा वाटतो आणि ॲव्हरेजही खातो. दोन, ब्रेक पेडलवर पाय नसताना मागचे लाल दिवे लागलेले तर नाहीत ना, ते रात्री कुणाला तरी बघायला सांगा. ब्रेकचा स्विच बिघडला तर कॉम्प्युटरला वाटतं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबलेत, आणि तो ताकद कमी करतो. हा स्विच काही शे रुपयांचा असतो. तीन, पंधरा-वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप, उघडा अडकलाय. ऑटोमॅटिकमध्ये त्याचा दुहेरी तोटा होतो: इंजिन थंड समजून डिझेल जास्त जातं, आणि बॉक्सही टॉर्क कन्व्हर्टर लॉक करायला उशीर करतो, वरचे गिअर टाळतो. तुमच्या पंधरावरून अकरावर आलेल्या ॲव्हरेजमध्ये याचा हात असू शकतो.

गिअरबॉक्सला मी पूर्ण निर्दोष ठरवत नाही. डी किंवा आर घातल्यावर गाडी दोन सेकंद थांबून धक्क्याने निघत असेल, दुसऱ्यावरून तिसरा पडताना आरपीएम उगाच उसळत असतील, साठ-सत्तरच्या वेगाला हलक्या पेडलवर रस्ता खडबडीत असल्यासारखी थरथर येत असेल, तर त्याकडे बघायला हवं. पण तेव्हाही आधी तेल बघायचं, मग उघडायचं. या बॉक्सला तेल तपासायची काडी नाही. ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, बोल्ट काढून पातळी बघावी लागते. त्यामुळे ‘तेल बघितलं, ठीक आहे’ असं गाडी लिफ्टवर न चढवता कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. १ लाख ३८ हजारांवर आणि घाटाच्या वापरात तेल बदलून घेणं मला योग्यच वाटतं. एसपी फोर दर्जाचंच तेल हवं. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असल्या डब्याला हात लावू देऊ नका. मशिनने दाब देऊन धुण्यापेक्षा काढून-भरून, थोडं चालवून पुन्हा काढून-भरून केलेलं बरं. तपकिरी झालेलं तेल वयाचं लक्षण आहे. काळं, करपलेल्या वासाचं आणि चमचमणारी कणी असलेलं निघालं तर बॉक्सची दुरुस्ती पुढे येणार असं समजा. हे तेल बदलणं इंजिनाचं निदान झाल्यावर करा. दोन्ही एकदम केलं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

दुरुस्ती होईपर्यंत घाट चढायचाच झाला तर पायथ्यालाच मॅन्युअल बाजूला घेऊन तिसरा ठेवा आणि पन्नाशीच्या आत डाव्या लेनने चढा. गिअर नाचणं थांबेल, बॉक्सचं तेल कमी तापेल. लाल दिवा, तापमान किंवा ऑइलचा, लागला तर लगेच थांबा. पिवळा लागला तर जागा बघून थांबा, त्या वेळचा वेग, गिअर आणि एसी चालू होता का हे लिहून ठेवा. बंद-चालू करून पुढे जात राहणं रोजची सवय करू नका. कमी हवेवर जोर मारत राहिलात तर धूर तापतो आणि टर्बो आज चांगला असला तरी उद्या जाईल.

पीयूसीची चिठ्ठी जपून ठेवा. डिझेलला त्यावर धुराच्या दाटपणाचा के नावाचा आकडा छापलेला असतो. तुमच्या बीएस फोर गाडीला मर्यादा १.६२. दुरुस्तीआधी एकदा आणि नंतर एकदा काढा. धूर खरंच कमी झाला की नुसता शब्द दिला, हे त्या आकड्यावरून कळेल.

विकण्याबद्दल मिस्टरांना माझं सांगणं एवढंच, की आत्ता विकलीत तर घेणारा ‘गिअरबॉक्स गेलाय’ असं धरून भाव पाडेल, आणि तो गेलेला नसण्याची शक्यताच जास्त आहे. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीची जी चर्चा तुमच्या कानावर असेल ती दिल्ली आणि एनसीआरची. महाराष्ट्रात तुमचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं आहे, म्हणजे २०३१पर्यंत. पुढे फिटनेस आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरणही होतं. गुडघ्याला सोसणारी, घाट चढणारी दुसरी डिझेल ऑटोमॅटिक आज घ्यायला किती पैसे लागतील ते बघितलंत तर निदानावर चार पैसे खर्चणं जड वाटणार नाही. मात्र दुरुस्तीनंतर रोजच्या चार किलोमीटरवर ही गाडी ठेवू नका. शाळेसाठी स्कूटर किंवा चालणं जमत असेल तर उत्तम. नाहीच जमलं तर आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा-पाऊण तास, मध्ये थोडा वेळ तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमवर चालवा, म्हणजे टर्बोची पाती आणि ईजीआर मोकळे राहतील.

तर या आठवड्यात तिसऱ्या गिअरची चाचणी घ्या, मग स्कॅन, मग पाइप आणि दोन्ही फिल्टर. एवढ्यावर घाटात फरक पडला नाही तर कोडचा फोटो, चावी फिरवल्यावरचा मॅनिफोल्ड दाब आणि चढावरचे ते चार आकडे मला कळवा. त्यावरून ईजीआर, टर्बो की इंजेक्टर, हे ठरवू आणि कोणत्या कामाला होकार द्यायचा ते नेमकं लिहीन.